खडकीला डोंगराचं पाणी आणणारा मलिक अंबर

वडवणी : उन्हाळा लागला की आपल्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवर एकच विषय. टँकर कधी येणार, बोअर किती वेळ चालणार. योजनेचा नळ दारात आला तरी उद्भव विहिरीला पाणी नसेल तर तोटी कोरडीच राहते. चारशे वर्षांपूर्वी याच मराठवाड्यात एका माणसाने आधी पाणी शोधलं आणि मग शहराला पाजलं. तो माणूस म्हणजे मलिक अंबर. शाळेच्या पुस्तकात तो गनिमी काव्यापुरता भेटतो. त्याचं पाण्याचं काम फार कमी जणांना माहीत आहे.

मलिक अंबर इथला नव्हताच. त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतल्या इथिओपियात झाला. नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला आणि हाताहातातून बगदादला पोचला. तिथल्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला, हिशेब करायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेजखानही मूळचा हबशी गुलामच. (ही निजामशाही म्हणजे हैदराबादचा निजाम नव्हे. तो शंभरावर वर्षांनी आला.) चंगेजखान वारल्यावर अंबर मोकळा झाला. काही काळ विजापूरकडे चाकरी केली, स्वतःची माणसं जमवली आणि परत निजामशाहीत आला.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असं सगळे धरून चालले होते. अंबरने निजामशाही घराण्यातला मुर्तजा परांड्याला गादीवर बसवला, आपली मुलगी त्याला दिली आणि पुढची पंचवीस वर्षं मोगलांना दख्खनमध्ये सुखाने झोपू दिलं नाही. जहांगीर बादशहाचा त्याच्यावर एवढा राग, की अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र त्याने काढून घेतलं. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

१६१० च्या सुमारास अंबरने दौलताबादजवळच्या खडकीला राजधानी वसवायला घेतली. नावातच खडक. खाम नदी होती, पण तिच्यावर फौज, जनावरं, बाजार आणि रयत अशी सगळी भिस्त ठेवता येणार नव्हती. म्हणून त्याने शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या पलीकडच्या डोंगराकडे बघितलं. पाऊस पडून गेल्यावर डोंगराच्या पोटात पाणी मुरतं आणि पायथ्याला जमिनीखाली वर येतं, हे कुणाही शेतकऱ्याला ठाऊक असतं. तिथे विहिरी घेतल्या. त्यांचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून अगदी थोडा उतार देत शहराकडे काढलं. वाटेत ठरावीक अंतरावर उभी मनुष्यबिळं ठेवली. हवा खेळावी म्हणून, आणि माणूस उतरून गाळ काढू शकेल म्हणून. शहरात शिरल्यावर पाणी खापराच्या नळांतून फिरायचं. मध्ये उंच मनोरे बांधलेले, लोक त्यांना बंबे म्हणत. त्यांच्यामुळे नळात अडकलेली हवा निघून जायची आणि दाबाने पाणी पुढच्या वस्तीला पोचायचं. तिथून हौद भरायचे. पंप नाही, वीज नाही, डिझेल नाही. हीच नहर-ए-अंबरी.

ही कला त्याने आभाळातून आणली नव्हती. अहमदनगर शहराला आधीपासून कापूरवाडी, वडगावकडून असंच पाणी यायचं. आपल्या बीडची खजाना विहीर त्याच्याही आधीची, निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या वेळची. दोन बोगद्यांतून पाणी आत येतं आणि तिसऱ्यातून शेतीकडे जातं. बांधणारा राजा भास्कर. त्याच वर्षांत बुऱ्हाणपूरला मोगल सुभेदार खानखानानच्या काळात कुंडी भंडारा झाला. तो खानखानान अंबरचा रणांगणावरचा शत्रू. लढाई आपल्या जागी, पण पाण्याची विद्या दोघांनी एकच वापरली.

पाणी त्याने लढाईतही वापरलं. १६२४ ला नगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. अंबरने तलावाचं पाणी सोडून त्यांची वाट चिखलात घातली आणि रात्रीचे छापे घालून त्यांना मोडलं. त्या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

शेतकऱ्याच्या कामाची आणखी एक गोष्ट. अंबरने जमिनीची प्रत पाहून आणि पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरवला. इजारदार मनाला येईल तेवढं ओरबाडायचे, त्याला आळा घातला. सारा वसुलीची त्याची पद्धत पुढे कितीतरी वर्षं नावाजली गेली.

खडकी मोगलांनी १६१६ ला आणि पुन्हा १६२१ ला उद्ध्वस्त केली. वरचं शहर पडलं आणि परत उभं राहिलं. जमिनीखालची नहर टिकली. पुढे औरंगजेबाच्या काळात शहर वाढलं तेव्हा याच धर्तीवर आणखी नहरी निघाल्या.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. हौद भरले म्हणून प्रत्येकाला त्यात हंडा बुडवता येत होता असं नाही. अंबर १६२६ मध्ये गेला. त्यानंतर तीनशे वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आपल्याकडेही गावकुसाबाहेरचा आड वेगळा असायचा, हे म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर कळेल.

नहरीचा खरा खर्च गाळाचा. मनुष्यबिळात माणूस उतरून सफाई होत होती तोवर ती वाहत राहिली. मग शहर नहरीच्या रेषेवर पसरलं, वर बांधकामं झाली, कुठे सांडपाणी शिरलं. आता छत्रपती संभाजीनगरला पाणी जायकवाडीहून पंपाने चढवून आणावं लागतं, आणि कित्येक वस्त्यांत ते काही दिवसांच्या आड येतं. २०१६ ला तर शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आली होती.

मलिक अंबरची कबर खुलताबादला आहे. वेरूळला किंवा भद्रा मारुतीला जाणाऱ्या वडवणीकरांना ती वाटेतच पडते.