चिमाजीअप्पा आणि तारापूरचा तट

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर उभे राहिले की खाडीपलीकडे मढचा किल्ला दिसतो. आम्ही मुले त्याला सिनेमाच्या शूटिंगचा किल्ला म्हणूनच ओळखत होतो. वसईच्या मोहिमेत, 1739 साली, मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. त्या मोहिमेचे सेनापती होते चिमाजीअप्पा.

बाळाजी विश्वनाथांचे हे धाकटे चिरंजीव. वडील 1720 साली वारले आणि थोरले बंधू बाजीराव पेशवे झाले. थोरल्याच्या तेजापुढे धाकट्याचे नाव मागे पडले. पण अप्पांचा पराक्रम उणा नव्हता. 1728 मध्ये माळव्यात अमझेऱ्यास त्यांनी मोगल सुभेदार गिरिधर बहादुराचा पाडाव केला. 1736 मध्ये कोकणात सिद्दी सात त्यांच्याशी लढताना मारला गेला.

जानेवारी 1739 मध्ये तारापूरच्या तटावर हल्ला झाला. त्यात बाजी भिवराव रेठरेकर आघाडीवर होते. ते पेशवे बंधूंचे जिवलग सोबती. गोळी लागून ते पडले. किल्ला मिळाला, सोबती गेला. मोहिमेच्या त्या धामधुमीतही अप्पांनी बाजींच्या आईला पत्र लिहून तिचे सांत्वन केले.

मे महिन्यात वसई पडली. हरलेल्या पोर्तुगीजांना अप्पांनी सन्मानाने जाऊ दिले. पुढच्याच वर्षी एप्रिलात बाजीराव वारले आणि डिसेंबरात अप्पाही गेले. पुण्यात ओंकारेश्वराजवळ त्यांची समाधी आहे.

एवढ्या मोलाने मिळवलेला मुलूख पुढे हातचा गेला. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, पाठोपाठ वर्सोव्यासह सारी साष्टी घेतली. ती मराठ्यांना परत मिळाली नाही. 1818 साली पेशवाई बुडाली आणि तारापूरही गेले.

बाजी जिथे पडले तो तट परक्यांच्या हाती गेलेला पाहून अप्पांना काय वाटले असते? मला वाटते, दुःख झालेच असते. पण तट ताब्यात होता तेव्हा तरी बाजी कुठे परत आले? मित्राच्या आईचे अश्रू पुसण्याचे काम मात्र अप्पांनी वेळेवर केले, आणि ते कोणत्याही तहाने हिरावून घेता आले नाही.

संध्याकाळी बाबांच्या होडीची वाट पाहत मी जेट्टीवर बसतो. धाकटा भाऊ समोर बोट दाखवून शूटिंगचा किल्ला म्हणतो. आता मी त्याला बाजींची गोष्ट सांगतो. जागा आपल्या हातात राहत नाही. निदान नाव तरी विसरले जाऊ नये.