सर्पगंधेला जगन्मान्यता मिळवून देणारे डॉ. रुस्तम जाल वकील

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. त्यांचा रक्तदाब अनेक वर्षांपासून वाढत होता. मात्र विश्रांती, मीठ कमी करणे आणि गुंगीची औषधे यांपलीकडे तत्कालीन वैद्यकशास्त्राकडे फारसा उपाय नव्हता. ही उणीव दूर करण्यात मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाचा मोलाचा वाटा आहे.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात रुजू झाले.

सर्पगंधेची मुळी भारतात निद्रानाश, उन्माद आणि सर्पदंशावर शतकानुशतके वापरली जात होती. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या रक्तदाब उतरविण्याच्या गुणाची नोंद केली. परंतु परदेशात तिची दखल घेतली गेली नाही. डॉ. वकील यांनी ५० रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेतली. चार आठवड्यांच्या उपचारानंतर ८५ टक्के रुग्णांचा वरचा आणि ८१ टक्के रुग्णांचा खालचा रक्तदाब घटल्याचे त्यांना आढळले. हा प्रबंध १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी सर्पगंधेतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे केले. मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरअॅड्रेनलिनचा साठा ते रिकामा करते; त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. उदासीनता हा त्याचा दुष्परिणामही पुढे लक्षात आला आणि नव्या औषधांनी त्याची जागा घेतली. तथापि, रक्तदाब उतरविल्याने गंभीर गुंतागुंत टळते, हे १९६७ मध्ये सिद्ध करणाऱ्या अमेरिकेतील माजी सैनिकांवरील चाचणीत वापरलेल्या तीन औषधांपैकी रेसरपिन हे एक होते.

डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार, १९५८ मध्ये पद्मभूषण, तर १९६५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. पारंपरिक औषधाचा गुण केवळ श्रद्धेने न स्वीकारता रुग्णशय्येपाशी मोजून पाहण्याची त्यांची दृष्टी हाच त्यांचा चिरस्थायी वारसा होय.