उबुदचा यजमान : वॉल्टर स्पीस

प्रवासवर्णने आवडीने वाचणाऱ्या मराठी वाचकाला बाली हे नाव परके नाही. पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' १९६३ साली आले आणि पूर्वेकडचे देश आपल्या घरात शिरले. त्याच्याही पुष्कळ आधी, १९२७ साली, रवींद्रनाथ ठाकूर या बेटावर जाऊन आले होते. हिंदुस्थानातून जाणाऱ्या माणसाला बालीत एक वेगळीच ओढ वाटते. समुद्रापलीकडच्या त्या बेटावर रामायण-महाभारताचे खेळ अजून रंगतात, घरोघरी देवापुढे फुले वाहिली जातात, आणि मार्कंडेय ऋषींची कथा तिथल्या लोकांनाही ठाऊक असते.

पण जगातल्या वाचकांच्या मनात बालीचे जे चित्र आहे, ते एकट्या बालीने काढलेले नाही. १९३० च्या दशकात तिथे गेलेल्या चित्रकारांनी, संगीतकारांनी, कादंबरीकारांनी आणि मानववंशशास्त्रज्ञांनी ते काढले. आणि त्यांपैकी बहुतेकांनी हे बेट प्रथम पाहिले ते एकाच घराच्या ओसरीवरून. ते घर उबुद गावाच्या कडेला, चाम्पुआन येथे दोन नद्यांच्या संगमावर होते. घराचा धनी होता एक जर्मन चित्रकार, वॉल्टर स्पीस.

स्पीसचा जन्म १५ सप्टेंबर १८९५ रोजी मॉस्को येथे एका सधन जर्मन व्यापारी कुटुंबात झाला. घरात संगीत होते आणि नृत्यही. भाऊ लिओ पुढे संगीतकार झाला, बहीण डेझी नर्तकी झाली. वॉल्टर चित्रे काढी आणि पियानोही उत्तम वाजवी. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा रशियातले जर्मन एका रात्रीत शत्रू ठरले. तरुण स्पीसला उरल पर्वताच्या बाजूस स्टर्लिटामाक या गावी स्थानबद्ध करण्यात आले. दुसरा एखादा खचला असता. हा तिथल्या बाश्कीर आणि तातार लोकांत मिसळला, त्यांची गाणी आणि नाच शिकला. परक्या लोकांत जाऊन आधी ऐकायचे, ही त्याची सवय या कैदेतच लागली असावी.

युद्धानंतर तो जर्मनीत आला. ड्रेस्डेनजवळ हेलेराऊ येथे आणि मग बर्लिनमध्ये राहिला. 'नोस्फेरातू' या गाजलेल्या मूकपटाचा दिग्दर्शक मुर्नाऊ याचा तो निकटचा मित्र झाला. चित्रांची प्रदर्शने झाली, नाव होऊ लागले. परंतु युद्धाने पोळलेल्या युरोपात त्याचे मन रमेना. १९२३ साली हॅम्बुर्गहून सुटणाऱ्या एका मालवाहू जहाजावर काम धरून तो जावा बेटावर उतरला. ते बेट तेव्हा डचांच्या ताब्यात होते.

बांडुंग येथील एका चित्रपटगृहात मूकपटांच्या साथीला पियानो वाजवून त्याने पोट भरले. मग योग्यकर्ता येथील सुलतानाच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा प्रमुख म्हणून त्याला नोकरी मिळाली. काम युरोपीय संगीताचे. पण वाड्यात घुमणाऱ्या गामेलानने त्याला वेड लावले. काशाच्या पट्ट्या, लहानमोठे टोल, झांजा आणि ढोल यांचा मेळ म्हणजे गामेलान. ते लिहून ठेवण्यासाठी त्याने लिपी बसवली, आणि पियानोवर ते सूर कसे उतरतील याचे प्रयोग केले.

१९२५ मध्ये तो प्रथम बालीत आला. उबुदच्या राजघराण्यातील चोकोर्दा ग्डे राका सुकावती यांचे त्याला निमंत्रण होते. १९२७ साली तो कायमचाच आला आणि सुकावतींच्या आश्रयाने चाम्पुआनच्या संगमावर बांबू, लाकूड आणि गवताने शाकारलेले घर बांधून राहिला.

त्या वेळी बालीची अवस्था काय होती हे ध्यानात घेतले पाहिजे. १९०६ साली बादुंगच्या आणि १९०८ मध्ये क्लुंगकुंगच्या राजघराण्यांनी शरण जाण्याऐवजी डच बंदुकांसमोर चालत जाऊन मरण पत्करले होते. बायका-मुलेही त्यांत होती. या कत्तलीची बातमी युरोपात पोहोचली तेव्हा डचांची अब्रू गेली. ती सावरण्यासाठी पुढे बालीची प्राचीन संस्कृती जपण्याचे धोरण आले आणि त्याच्या मागोमाग पर्यटनही आले. के. पी. एम. या डच आगबोट कंपनीच्या बोटी प्रवासी आणू लागल्या. १९२८ साली डेनपसारला 'बाली हॉटेल' उघडले. बंदुकीने जिंकलेले बेट आता छायाचित्रांतून विकायचे होते.

अशा वेळी स्पीस तिथे होता. त्याला भाषा येत होती, गावोगावचे वादक आणि नर्तक ठाऊक होते, कुठल्या देवळात कोणत्या रात्री कोणता विधी आहे हे माहीत होते. साहजिकच प्रत्येक नामवंत पाहुण्याची पावले त्याच्या दाराकडे वळत. १९२८ साली जर्मन कंपन्यांनी बालीच्या संगीताच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, त्यांना त्याचे साहाय्य झाले. त्या तबकड्या न्यूयॉर्कमध्ये ऐकून कॉलिन मॅकफी हा संगीतकार बालीला धावला आणि पुढे गामेलानचा मोठा अभ्यासक झाला. मेक्सिकन चित्रकार कोव्हारुबियास याने १९३७ मध्ये बालीवर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी व्हिकी बाउम हिची १९०६ च्या त्या बलिदानावरची कादंबरी आली. दोघांनाही स्पीसच्या माहितीचा आधार होता. १९३२ साली चार्ली चॅप्लिन येऊन गेला. १९३६ मध्ये मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन संशोधनासाठी आले, तेही आरंभी उबुदलाच. पुस्तके निराळी, माणसे निराळी. पण खिडकी बरीचशी एकच!

खिडकी एकच असली की दृश्यही निवडलेले असते. स्पीसला अरण्य, भातखाचरे, देवळे आणि चांदण्यातले नाच दिसत. त्या खाचरांवरचा शेतसारा, राजांचे आपसांतील वैर आणि डच अधिकाऱ्यांचा वचक हे त्या ओसरीवरून तितके स्पष्ट दिसत नसावे. त्यामुळे वाचकांच्या मनात जे बाली उभे राहिले ते स्वर्गासारखे होते, आणि स्वर्गात राहणाऱ्या माणसांच्या अडचणी कोणी विचारीत नाही.

त्याची स्वतःची चित्रे फार थोडी आहेत. तो सावकाश काढी. पहाटेच्या तिरप्या उन्हात डोंगरउतारावरची भातखाचरे, गाय घेऊन निघालेला शेतकरी, झाडांच्या लांबच लांब सावल्या, आणि एकाच चित्रात एकावर एक रचलेली दोन-तीन क्षितिजे. हा प्रकाश एकदा पाहिला की विसरत नाही. बालीचे जुने चित्रकार कामासानच्या परंपरेप्रमाणे पुराणकथा रंगवीत. उबुदची तरुण मुले आता बाजार, शेत आणि जंगलही रंगवू लागली. १९३६ साली स्पीस, डच चित्रकार रुडॉल्फ बॉनेट, उबुदचे चोकोर्दा ग्डे आगुंग सुकावती आणि थोर शिल्पी-चित्रकार गुस्ती न्योमान लेम्पाद यांनी 'पितामहा' ही कलावंतांची संघटना काढली. नाव ऐकताच आपल्या कानाला ओळख पटते. प्रवाशांच्या मागणीमुळे कामाचा दर्जा घसरू नये म्हणून ही मंडळी चित्रे पारखून घेत आणि बाहेर प्रदर्शनांना धाडीत.

स्पीसच्या नावाशी जोडलेली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट म्हणजे केचाक नृत्य. शेकडो उघडे पुरुष वर्तुळात बसून 'चाक-चाक' असा घोष करतात आणि मध्ये रामायणाचा प्रसंग चालतो. हे सारे वानरसेना! प्रेक्षकांना वाटते की ही हजार वर्षांची परंपरा आहे. वस्तुस्थिती अशी की हा घोष सांगह्यांग या विधीतला. रोगराई आली की गावाच्या रक्षणासाठी तो विधी होई आणि त्यात अंगात येई. १९३० च्या सुमारास बेडुलू गावचा नर्तक वायान लिम्बाक आणि स्पीस यांच्या सहकार्याने तो घोष विधीतून निघाला, त्याला रामकथा जोडली गेली, आणि पाहुण्यांपुढे करता येईल असा खेळ तयार झाला. श्रेय कोणाचे किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु तो उभा राहिला बालीच्याच गळ्यांतून आणि अंगांतून, हे विसरून चालणार नाही. १९३८ साली बेरिल द झूट हिच्याबरोबर स्पीसने बालीच्या नृत्यनाट्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आजही तो अभ्यासला जातो.

पाहुण्यांची वर्दळ त्याला स्वतःलाच असह्य झाली होती. १९३७ च्या सुमारास तो आगुंग पर्वताच्या पायथ्याशी इसेह या खेड्यात राहू लागला. गजबजाटातून सुटण्यासाठी लोक उबुदला येत आणि उबुदचा यजमान गजबजाटातून सुटण्यासाठी उबुदबाहेर जाई!

यानंतरचा भाग दुःखाचा आहे, आणि तो गाळून चरित्र सांगणे योग्य नव्हे. १९३८ च्या अखेरीस डच सरकारने समलिंगी संबंधांविरुद्ध मोहीम उघडली. ३१ डिसेंबर रोजी स्पीसला अटक झाली. अल्पवयीन मुलाग्यांशी संबंध ठेवल्याचा ठपका त्याच्यावर होता. मार्गारेट मीडने त्याच्या बाजूने शब्द टाकला, तरी शिक्षा झालीच. ज्याच्या जोरावर सरकार पाहुण्यांना बाली दाखवीत होते तो आता कैदी झाला. आरोप गंभीर होता. सत्ताधाऱ्याच्या वर्णाचा, प्रतिष्ठित परदेशी आणि गावची मुले यांच्यातले अंतरही लहान नव्हते. त्याच्या कलेची थोरवी मान्य करणाऱ्याने याचाही विचार करायला हवा. सप्टेंबर १९३९ मध्ये तो सुटला. सुटल्यावर तो कीटकांची आणि समुद्रातील जीवांची अत्यंत बारकाईने चित्रे काढीत बसे.

ती शांतता नऊ महिनेही टिकली नाही. मे १९४० मध्ये हिटलरने हॉलंडवर स्वारी केली आणि डच वसाहतीतले सारे जर्मन स्थानबद्ध झाले. आयुष्यात दुसऱ्यांदा, केवळ राष्ट्रीयत्वावरून, स्पीस शत्रू ठरला. सुमात्रातील छावणीतही तो चित्रे काढीत आणि सोबत्यांना संगीत शिकवीत राहिला. जपानी सैन्य जवळ येताच कैद्यांना हिंदुस्थानच्या दिशेने हलवण्यास सुरुवात झाली. जानेवारी १९४२ मध्ये 'व्हान इम्होफ' नावाची आगबोट सिबोल्गा बंदरातून सुटली. १९ जानेवारीला नियास बेटाजवळ जपानी विमानाने तिच्यावर बाँब टाकले. डच खलाशी आणि पहारेकरी होड्यांतून निघून गेले. कैदी मागे राहिले. चारशेहून अधिक जर्मन बुडाले. त्यांत वॉल्टर स्पीस होता. वय अवघे ४६. ही बोट त्याच के. पी. एम. कंपनीची होती, जिच्या बोटींनी त्याच्या बालीकडे प्रवासी वाहून आणले होते.

उबुद मात्र वाढत गेले. १९५६ मध्ये बॉनेट आणि चोकोर्दा ग्डे आगुंग सुकावती यांच्या प्रयत्नांनी 'पुरी लुकिसान' हे चित्रसंग्रहालय सुरू झाले. चाम्पुआनच्या त्या घराच्या जागी हॉटेल आले. २००६ साली एका अमेरिकन लेखिकेचे आत्मकथन गाजले आणि मनःशांती शोधणाऱ्यांची नवी लाट उबुदवर आली. पाटाचे पाणी आपसांत वाटून घेणारी बालीची 'सुबाक' पद्धत २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि त्याच काळात भातखाचरांवर बंगले उभे राहत गेले. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याची पाळी ज्यांनी रात्र जागून धरली आहे, त्यांना पाण्याच्या न्याय्य वाटणीचे मोल आणि शेत गेल्याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

स्पीसने बालीला वाचवले म्हणावे की बदलले? उत्तर एका शब्दात देता येत नाही. त्याने ऐकले, शिकला, नोंदले. आणि नोंदता नोंदता निवडलेही. जे त्याने निवडले नाही ते जगाला दिसले नाही. आपल्या वसमतच्या पंचक्रोशीत जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, गोंधळी आहेत, वासुदेव आहेत, भारूड म्हणणारे आहेत. औंढ्याच्या मंदिरावरची शिल्पे रोज आपल्याकडे पाहत आहेत. इथे कोणी परदेशी चित्रकार येऊन घर बांधील अशी वाट पाहण्याचे कारण नाही. मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र शिकणारी मुले-मुली याच गावांतून कॉलेजात येतात. वही घेऊन आजीजवळ बसायला त्यांना बोटीचे तिकीट लागत नाही. बसावे मात्र लवकर. आणि लिहून घेताना आपल्याला सुंदर वाटते तेवढेच न घेता, आजी जे सांगेल ते सारे घ्यावे.