विश्लेषण : ‘कोरी चिप’ विकणारे रॉस फ्रीमन कोण होते? ओपन हार्डवेअर बोर्डांशी त्यांचा संबंध काय?

तळहातावर मावेल एवढा एक बोर्ड. यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून कोड टाकला, की तोच बोर्ड कधी जुना व्हिडिओ गेम होतो, कधी मॉनिटरवर चित्र उमटवणारे ग्राफिक्स सर्किट, तर कधी चक्क नवा प्रोसेसर. ‘आइसब्रेकर’, ‘यूएलएक्स-३-एस’ अशा ओपन हार्डवेअर बोर्डांवरची ही चिप म्हणजे एफपीजीए. ती साकारणारे अमेरिकी अभियंते रॉस फ्रीमन वयाच्या ४१व्या वर्षीच गेले.

घानातले गणित शिक्षक

फ्रीमन यांचा जन्म १९४८ मध्ये मिशिगन राज्यात झाला. मिशिगन स्टेट विद्यापीठातून त्यांनी १९६९ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली, तर १९७१ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. ‘पीस कोअर’चे स्वयंसेवक म्हणून काही काळ त्यांनी घानात गणित शिकवले. टेलिटाइप कंपनीत चिप डिझाइनचे काम केल्यानंतर ते झायलॉगमध्ये गेले. झेड-८० प्रोसेसर बनवणारी ती हीच कंपनी.

त्यांची कल्पना नेमकी काय होती?

तोवर चिप म्हणजे शिलालेख. कारखान्यात एकदा सर्किट कोरले की बदल नाही. चूक सापडली तर पुन्हा पहिल्यापासून खर्च आणि कित्येक महिन्यांची वाट पाहणे. फ्रीमन यांना चिपची पाटी करायची होती. चिपवर छोटे-छोटे लॉजिक ब्लॉक आणि त्यांच्यामध्ये तारांचे जाळे असेल. कोणत्या इनपुटला कोणते आउटपुट द्यायचे याचा तक्ता प्रत्येक ब्लॉक मेमरीत ठेवील. कोणती तार कुठे जोडायची, हेही मेमरीतले बिटच ठरवतील. बिट बदलले की सर्किट बदलले!

आज हे सोपे वाटते. तेव्हा मात्र एकेक ट्रान्झिस्टर जपून वापरला जाई आणि या पद्धतीत तर ते सढळ हाताने खर्ची पडणार होते. ट्रान्झिस्टर झपाट्याने स्वस्त होत जातील, असा फ्रीमन यांचा हिशेब होता. तो बरोबर ठरला, पण झायलॉगने या कल्पनेत रस दाखवला नाही. मग १९८४ मध्ये फ्रीमन, बर्नार्ड व्हॉन्डरश्मिट आणि जेम्स बार्नेट यांनी झायलिंक्स ही कंपनी काढली. कंपनीकडे स्वतःचा कारखानाच नव्हता. चिप जपानच्या सायकोकडून बनवून घेतली. १९८५ मध्ये आलेल्या ‘एक्ससी-२०६४’ या पहिल्या एफपीजीएत अवघे ६४ ब्लॉक होते.

फ्रीमन यांचे पेटंट २६ सप्टेंबर १९८९ रोजी मंजूर झाले. त्यानंतर महिनाही उलटला नसेल, २२ ऑक्टोबरला न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. कंपनीचे शेअर बाजारात आले, ते पुढच्या वर्षी. अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचे नाव लागायला २००९ साल उजाडले.

मग कुलूप कुठे होते?

पाटी कोरी असली तरी पेन्सिल कंपनीच्या हातात होती. चिपमध्ये भरायची बिटची फाइल, म्हणजे ‘बिटस्ट्रीम’, कशी रचायची हे कंपन्यांनी गुपितच ठेवले. त्यामुळे सॉफ्टवेअरही त्यांचेच वापरावे लागे. (आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये लायसन्स संपले म्हणून एफपीजीए किट वर्षभर कपाटात पडून होती. प्रॅक्टिकल वहीत मात्र सगळे प्रयोग ‘यशस्वी’!)

ग्राफिक्स कार्डांचेही तेच होते. कंपन्या अंतर्गत माहिती देत नसल्याने लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिणे अवघड जाई. म्हणून २००४ मध्ये टिमोथी मिलर यांनी ‘ओपन ग्राफिक्स प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यांच्या ‘ओजीडी-१’ या बोर्डचा आराखडा खुला होता आणि त्यावर झायलिंक्सचीच स्पार्टन-३ चिप होती. पुढे स्वतःची ग्राफिक्स चिप काढण्याचा बेत मात्र तडीस गेला नाही. शिवाय बोर्ड खुला असला, तरी त्यावरच्या एफपीजीएचे बिटस्ट्रीम बंदच होते.

ते कुलूप उघडले २०१५ मध्ये, आणि तेही फ्रीमन यांच्या कंपनीच्या चिपवर नाही. ‘प्रोजेक्ट आइसस्टॉर्म’ने लॅटिस कंपनीच्या ‘आइस-४०’ चिपची बिटरचना रिव्हर्स इंजिनीअरिंग करून जाहीर केली. कोडपासून बिटस्ट्रीमपर्यंतचा सगळा प्रवास मोफत, खुल्या सॉफ्टवेअरवर शक्य झाला. आइसब्रेकरवर हीच आइस-४० आहे. क्रोएशियात तयार झालेल्या यूएलएक्स-३-एसवर लॅटिसचीच ‘ईसीपी-५’ चिप आहे. त्याला मॉनिटर थेट जोडता येतो आणि बोर्डचा आराखडा कोणालाही डाउनलोड करता येतो.