थॉमस ग्रॅहॅम : फुग्यातल्या हवेचा माग काढणारा माणूस

वाढदिवसाचे फुगे दोन-तीन दिवसांत सुरकुततात, हे तुम्ही पाहिलंच असेल. तोंड घट्ट बांधलेलं, भोक कुठेच नाही, मग हवा जाते कुठून? मुलांनी हा प्रश्न विचारला, की त्यांना थॉमस ग्रॅहॅमची गोष्ट जरूर सांगा.

थॉमसचा जन्म डिसेंबर १८०५ चा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. वडील कापडाचे कारखानदार, घरचं बरं चाललेलं. मुलानं चर्चमध्ये धर्मगुरू व्हावं, हा त्यांचा हट्ट. थॉमस मात्र ग्लासगो विद्यापीठात थॉमस थॉमसन यांच्या तासांना बसला आणि रसायनशास्त्रात रमला. वडिलांनी खर्चाचे पैसे बंद केले. आई आणि बहीण मार्गारेट यांनी त्याला आधार दिला. शिकवण्या करत, लेख लिहीत त्यानं दिवस काढले. (करिअर निवडताना घरात होणारी भांडणं काही आजची नाहीत!)

१८३० मध्ये तो ग्लासगोच्या अँडरसन संस्थेत प्राध्यापक झाला. तिथलं त्याचं गाजलेलं साधन अगदी साधं होतं: काचेची नळी आणि तिच्या एका तोंडाला प्लास्टर ऑफ पॅरिसचं बूच. या बुचाच्या बारीक छिद्रांतून कोणता वायू किती वेगानं जातो, हे त्यानं मोजलं. वायू जितका हलका, तितका वेग जास्त. आणि हा वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ग्रॅहॅमचा विसरणाचा नियम म्हणून आपण शिकवतो तो हाच.

१८३७ मध्ये तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आला, १८४१ मध्ये केमिकल सोसायटीचा पहिला अध्यक्ष झाला आणि १८५५ मध्ये सरकारी टांकसाळीचा प्रमुख. एकेकाळी न्यूटननं सांभाळलेलं हे पद. इतकं काम अंगावर असूनही प्रयोग सुटले नाहीत. १८६१ मध्ये त्यानं चर्मपत्री कागदाचा पडदा ताणून पाण्यावर ठेवला. साखर, मीठ, लघवीतला युरिया पडद्यातून पलीकडे गेले. डिंक आणि जिलेटिन अलीकडेच राहिले. या क्रियेला त्यानं नाव दिलं, डायलिसिस. किडनीच्या रुग्णांना आज जे डायलिसिस देतात, त्याचं मूळ इथं आहे.

आता फुग्याकडे येऊ. १८६६ मध्ये त्यानं रबराच्या पातळ पडद्यातून वायू सोडले, तर त्याचाच नियम तिथं चालेना! कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनपेक्षा जड, तरी साडेतेरा पट वेगानं पलीकडे गेला. ऑक्सिजन अडीच पट. म्हणजे रबरात छिद्रं नव्हतीच. ग्रॅहॅमनं ओळखलं, की वायू आधी रबरात विरघळतो, मग आतून सरकत जातो आणि पलीकडच्या बाजूनं बाहेर पडतो. जो जास्त विरघळतो, तो जड असूनही पुढे जातो. स्वतःचा गाजलेला नियम इथं लागू नाही, हे त्यानं सरळ मांडलं. मला तो इथंच सर्वांत मोठा वाटतो. नुसत्या रबरातून गाळून त्यानं हवेतला ऑक्सिजन २१ वरून सुमारे ४१ टक्क्यांवर नेला.

रबराच्या लांबलचक रेणुसाखळ्या सतत वळवळत असतात, त्यामुळे वायूला वाट मिळत राहते. सोड्याच्या बाटलीचं प्लास्टिक नेहमीच्या तापमानाला काचेसारखं थिजलेलं असतं. साखळ्या जागच्या जागी अडकलेल्या, मधे इवल्या पोकळ्या. आतला वायू एका पोकळीतून दुसरीत, संधी मिळेल तसा, उडी मारतो. म्हणून फुगा दिवसांत सुरकुततो आणि न उघडलेला सोडा महिनोन्‌महिने टिकतो. वायू मुरतो, सरकतो, बाहेर पडतो हे ग्रॅहॅमचं चित्र मात्र इथंही उपयोगी पडतं. थिजलेल्या प्लास्टिकमध्ये पोकळ्यांचा हिशेब त्यात जास्तीचा धरावा लागतो, इतकंच.

वर्गात करून बघा: एक फुगा पंपानं हवा भरून, दुसरा खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरच्या वायूनं, दोन्ही एकाच आकाराचे. दुसऱ्या दिवशी कोणता लहान झालेला दिसेल, ते मुलांना आधी वहीत लिहायला सांगा.

ग्रॅहॅमनं लग्न केलं नाही. टांकसाळीच्या पदावर असतानाच, १६ सप्टेंबर १८६९ रोजी, लंडनमध्ये तो वारला. त्या शेवटच्या वर्षीही तो पॅलेडियम धातूत हायड्रोजन कसा मुरतो, हे तपासत होता.