फोन शोधला, पण खोलीत ठेवला नाही!
अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा जन्म १८४७ चा, एडिनबरोचा. आईला कमी ऐकू यायचं, पत्नी मेबल लहानपणापासून कर्णबधिर. १८७६ मध्ये बेलना टेलिफोनचं पेटंट मिळालं. १८८२ मध्ये मुंबईतही एक्स्चेंज आलं. मेबलना मात्र फोनवरचा आवाज कधीच ऐकू आला नाही.

फोन उचलल्यावर ‘अहॉय’ म्हणावं, असं बेलना वाटायचं. ‘हॅलो’ सुचवलं एडिसननी. कामात व्यत्यय नको म्हणून बेलनी अभ्यासिकेत फोनच ठेवला नाही. १९२२ मध्ये त्यांच्या अंत्यविधीवेळी अमेरिका-कॅनडातले फोन मिनिटभर शांत ठेवले गेले.

म्हणून बोरिवली लोकलमध्ये स्पीकर बंद ठेवा. आणि कॉल करण्याआधी ‘आत्ता बोलू शकतोस का?’ एवढा मेसेज टाकाच.