लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : २० जून, इ.स. १८६९, गुर्लहोसूर, जि. बेळगाव, मृत्यू : २६ सप्टेंबर, इ.स. १९५६) हे मराठी उद्योजक, यंत्रज्ञ आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. सायकलींच्या छोट्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे व पंप तयार करणारा कारखाना उभारला. किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत त्यांनी वसवली. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या कारखान्याला कोल्हापूर संस्थानाकडून मिळालेली मदत ही दक्षिण महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील महत्त्वाची घटना मानली जाते.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने रूढ शालेय शिक्षण पूर्ण करावे अशी त्यांची इच्छा होती. लक्ष्मणरावांचा ओढा मात्र चित्रकला आणि यंत्रे यांकडे होता. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांनी दिलेल्या आधारामुळे त्यांनी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथे काही काळाने त्यांना अंशतः रंगांधत्व असल्याचे लक्षात आले. रंगकाम सोडावे लागले, पण रेखाटनाचा हात वाया गेला नाही. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले.

पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. संस्थेच्या कार्यशाळेतील यंत्रे त्यांनी जवळून अभ्यासली. यंत्राचा प्रत्येक भाग कोणते काम करतो आणि एक भाग बिघडला तर दुसऱ्यावर त्याचा काय परिणाम होतो, हे ते स्वतः हाताळून शिकले. परदेशी तांत्रिक नियतकालिके व यंत्रांच्या सूचिपत्रिका वाचण्याची सवयही त्यांनी लावून घेतली. बढतीच्या वेळी त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

बेळगावातील सायकलींचे दुकान

नोकरीत असतानाच लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत व रामूअण्णा त्या बेळगावात विकत. किर्लोस्कर समूह १८८८ हे आपले स्थापनावर्ष मानतो. नोकरी सोडल्यावर लक्ष्मणराव बेळगावास आले आणि दोघे बंधू पूर्णवेळ या व्यवसायात उतरले. दुकानात सायकलींच्या विक्रीबरोबरच दुरुस्तीचे काम चाले आणि सायकल चालवण्याचे शिक्षणही दिले जाई.

सायकल हे तेव्हा परदेशातून येणारे महागडे वाहन होते. तिचा एखादा भाग मोडला की बदली भाग मिळवणे सोपे नसे. बदली भाग दुसऱ्या बनावटीचा असल्यास तो बसवूनही चाक डगमगे किंवा साखळी घसरे. नवा भाग आणि जुने यंत्र यांचा मेळ बसणे ही दुरुस्तीतील खरी कसोटी होती. सुटे भाग आपल्याच भूमीत, अचूक मापाने आणि सतत उपलब्ध असले पाहिजेत, हे तत्त्व पुढे त्यांच्या शेतीच्या यंत्रांनाही लागू पडले.

लोखंडी नांगर

कडबा कापण्याचे यंत्र हे किर्लोस्करांचे पहिले उत्पादन होते. त्यानंतर १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन केवळ उकरतो, तर लोखंडी नांगर मातीची खालची बाजू वर आणून ती पालथी करतो. त्यामुळे हरळी, कुंदा यांसारख्या खोल मुळांच्या तणांचा नाश होण्यास मदत होते. तरीही लोखंडामुळे जमिनीत विष भिनते, असा समज शेतकऱ्यांत रूढ होता. पहिले सहा नांगर विकण्यास दोन वर्षे लागली.

नांगराचा फाळ झिजणारा असतो. ओतीव लोखंड मऊ राहिले तर तो लवकर झिजतो आणि फार कठीण झाले तर दगडावर आपटून फुटतो. म्हणून ओतकामात लोखंडाची जात, ते थंड होण्याची गती आणि साच्याची माती या सर्वांवर लक्ष ठेवावे लागते. विलायती नांगरांशी स्पर्धा करताना फाळाचा दर्जा आणि तो ऐन हंगामात हाताशी मिळणे, या दोन्ही गोष्टी निर्णायक होत्या.

किर्लोस्करवाडीची स्थापना

बेळगाव नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा घेण्याचे ठरवल्याने किर्लोस्कर बंधूंपुढे मोठे संकट उभे राहिले. औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावले. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळील ३२ एकर माळरान व १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी दिले. १० मार्च १९१० रोजी तेथे कामाला प्रारंभ झाला. निवडुंगाने भरलेला, पाण्याची टंचाई असलेला हा माळ पुढे किर्लोस्करवाडी या नावाने ओळखला जाऊ लागला. हे ठिकाण आज सांगली जिल्ह्यात आहे.

माणसे पारखण्याची लक्ष्मणरावांची दृष्टी येथे दिसून आली. शंभूराव जांभेकर यंत्रांचे काम पाहत, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत, के. के. कुलकर्णी व्यवस्थापन करीत, तर शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक यंत्रज्ञ म्हणून पुढे आले. इतरत्र अपयशी ठरलेल्या माणसाला योग्य काम दिले तर तो उपयोगी ठरतो, यावर लक्ष्मणरावांचा विश्वास होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी रखवालीच्या कामावर नेमले. वसाहतीत त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही.

महायुद्ध आणि कोल्हापूरच्या तोफा

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी लोखंडाची आयात आटली. नांगरांना मागणी असूनही कच्चा माल नसल्याने कारखाना बंद पडण्याची वेळ आली. या प्रसंगी कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी पन्हाळगडावरील निकामी तोफा किर्लोस्करांना दिल्या. त्या वितळवून नांगर व फाळ तयार करण्यात आले. शेतकऱ्यांना अवजारे मिळाली आणि कारखान्यातील कामगारांचा रोजगार टिकला.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदवण्यात आली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर हे नियतकालिक सुरू केले. त्याचेच पुढे किर्लोस्कर मासिक झाले.

पंप आणि इंजिने

नांगरानंतर किर्लोस्करवाडीत उसाचे चरक आणि पाणी उपसण्याचे पंप तयार होऊ लागले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून पदवी घेऊन १९२६ साली परतले व कारखान्यात रुजू झाले. १९४१ साली हरिहर येथे लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी आणि १९४६ साली पुण्यात डिझेल इंजिने बनवणारी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली.

पेट्रोल इंजिनात इंधन पेटवण्यासाठी स्पार्क प्लगची ठिणगी लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेट घेते. त्यामुळे प्लगमधील फट चुकणे, तार सैल राहणे असे दोष येथे संभवत नाहीत. मात्र इंधननळीत हवा शिरली, गाळणी तुंबली किंवा फवारा नीट उडाला नाही, तर डिझेल इंजिनही हिसके देत चालते. विहिरीवरचे इंजिन बंद पडले तर उभे पीक वाळते. त्यामुळे दुरुस्ती सोपी असणे आणि सुटे भाग जवळ मिळणे ही खेड्यातील इंजिनाची पहिली गरज असते. सायकलीच्या दुकानात उमगलेला नियम इंजिनालाही तितकाच लागू होता.

उत्तरायुष्य

१९४८ साली महात्मा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. मोठे नुकसान झाले, तरी कारखाना पुन्हा उभारण्यात आला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

वारसा

भारतीय टपाल खात्याने १९६९ साली लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट प्रसिद्ध केले. किर्लोस्करवाडीत आजही पंपांची निर्मिती होते. कोल्हापूर जिल्ह्यातील कागल येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे. ज्या संस्थानाच्या तोफांनी किर्लोस्करांचा कारखाना तगवला, त्याच भूमीवर आज त्यांच्या नावाची इंजिने तयार होतात.